विश्लेषण : मासे मोजलेच नाहीत, तर किती धरायचे हे ठरवायचे कसे?

डिजिटल डेस्क, सावदा

सावद्यातून केळीचा ट्रक निघतो तेव्हा त्याचे वजन होते, भाव लागतो, पावती फाटते. इथून जवळच असलेल्या हतनूर धरणाच्या फुगवट्यातून पहाटे निघालेल्या मासळीचे तसे होत नाही. ती टोपलीत पडते, बाजारात जाते आणि दुपारपर्यंत संपते. कोणत्या जातीची किती किलो निघाली, केवढ्या आकाराची होती, किती जाळी टाकल्यावर मिळाली, याची जाळ्यागणिक नोंद ठेवण्याची पद्धत गोड्या पाण्यातील मासेमारीत रुजलेलीच नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा अशा सवलतींमध्ये मच्छिमारांना शेतकऱ्यांच्या रांगेत आणणारा हा निर्णय आहे. पण शेताला सातबारा असतो आणि पिकाची ई-पीक पाहणी होते. धरणातल्या मासळीची पाहणी कोण करणार? आणि पाहणीच नसेल, तर यंदा किती मासे धरले म्हणजे पुढच्या वर्षीही तेवढेच मिळतील, हे कसे ठरवायचे? जगभरातील मत्स्यशास्त्रज्ञ आज याच प्रश्नावर काम करत आहेत. त्यांची उत्तरे हतनूरला कितपत लागू पडतात, ते पाहू.

मर्यादा म्हणजे नेमके काय?

मासळीचा साठा ही बँकेतील ठेव मानली, तर दरवर्षी जन्मणारी आणि वाढणारी मासळी हे तिचे व्याज. व्याजापुरते काढत राहिले तर मुद्दल शाबूत राहते. मुद्दलाला हात लागला की पुढच्या वर्षीचे व्याजही घटते. शास्त्रज्ञ ज्याला ‘कमाल शाश्वत उत्पादन’ म्हणतात, ते म्हणजे ठेव न मोडता मिळू शकणारे जास्तीत जास्त व्याज.

अडचण एवढीच, की या बँकेत पासबुक नाही. मुद्दल पाण्याखाली आहे. व्याजाचा दर पावसावर, पाण्याच्या पातळीवर आणि मासळीच्या जातीवर बदलतो. साठ्याचा नेमका हिशेब मांडायचा तर अनेक वर्षांच्या पकडीची नोंद, माशांचे वय, वाढीचा वेग आणि नैसर्गिक मृत्यूचे प्रमाण एवढे सगळे लागते. श्रीमंत देशांतही मोजक्याच जातींसाठी ही माहिती पूर्ण असते.

अमेरिकेने २००६ मध्ये आपल्या मासेमारी कायद्यात दुरुस्ती केली आणि जवळपास प्रत्येक व्यावसायिक मासळीसाठी वार्षिक पकड मर्यादा ठरवणे बंधनकारक केले. तेव्हा अनेक जातींची पुरेशी माहितीच हाताशी नसल्याचे समोर आले. ‘अपुऱ्या माहितीच्या पद्धती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेला खरा वेग आला तो त्यानंतर.

माहिती नसताना मर्यादा घालणे योग्य आहे का, यावर जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९५ च्या जबाबदार मासेमारी आचारसंहितेत भूमिका घेतली आहे. पुरेशी शास्त्रीय माहिती नाही, हे कारण देऊन संवर्धनाचे उपाय पुढे ढकलू नयेत, असे ती सांगते. इंजिनिअरिंगमध्ये याला सुरक्षा गुणांक म्हणतात. जमिनीची पूर्ण माहिती नाही म्हणून पूल बांधायचा थांबत नाही, पण तो जास्त भक्कम बांधला जातो. माहिती जितकी कमी, तितका गुणांक मोठा.

समुद्राचे आकडे आहेत, धरणांचे का नाहीत?

समुद्री मासळीसाठी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अनेक दशकांपासून नमुना पद्धतीने नोंदी घेते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या बंदरावर संस्थेचे कर्मचारी जातात, आलेल्या बोटींपैकी काहींची मासळी मोजतात आणि त्यावरून एकूण अंदाज काढतात. म्हणूनच महाराष्ट्राची सागरी पकड २०१८ मधील २.९५ लाख टनांवरून २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली आणि तो ४५ वर्षांतील नीचांक होता, हे आपल्याला कळू शकले. २०२५ मध्ये तर किनारपट्टीवरील मच्छिमार कुटुंबांची गणना मोबाइल अॅपवर झाली.

धरणांचे गणित वेगळे आहे. समुद्रावर बंदर असते आणि बोटी तिथेच येतात. हतनूरला बंदर नाही. भुसावळ, रावेर आणि मुक्ताईनगर या तीन तालुक्यांत पसरलेल्या फुगवट्याला असंख्य काठ आहेत आणि कोणत्याही काठावर मासळी उतरू शकते. कोणी होडीतून जाळे टाकतो, कोणी काठावरून गळ. काही मासळी गावातच विकली जाते, काही घरच्या कालवणात जाते.

त्यात हतनूरचा स्वभाव चंचल. तापी आणि पूर्णा या दोन नद्यांचे पाणी इथे येते. पावसाळ्यात पूर आला की ४१ दरवाज्यांपैकी कधी काही, तर कधी सगळेच उघडावे लागतात. पाण्याबरोबर मासळीही खाली जाते. दोन्ही नद्यांनी आणलेल्या गाळाने धरणाची साठवणक्षमता घटली आहे. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने मागे सरकते. त्यामुळे एखाद्या वर्षी मासळी कमी आली, तर ती जास्त धरल्यामुळे की दरवाजे उघडल्यामुळे, हे नुसत्या एकूण आकड्यावरून सांगता येत नाही.

रावेर तालुक्यातील सुकी, अभोरा, मंगरूळ किंवा यावलच्या मोर धरणासारखे लहान जलाशय तुलनेने सोपे आहेत. काठ कमी, मच्छिमार कमी. मोजणीची सुरुवात करायची झाल्यास ती अशा ठिकाणी आधी जमेल.

पेरलेली मासळी आणि आपोआप आलेली मासळी

मर्यादेची चर्चा बहुतेक वेळा जिथे घसरते तो मुद्दा हा. धरणात दोन प्रकारची मासळी असते.

पहिली, सोडलेली. कटला, रोहू, मृगळ या प्रमुख कार्प जाती पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही, म्हणून त्यांची मत्स्यबोटुकली दरवर्षी सोडावी लागते. हे खरोखरच पीक आहे. किती बोटुकली सोडली, त्यातली अंदाजे किती जगली आणि किती वजनाची झाल्यावर काढली, एवढा हिशेब पुरतो. इथे मर्यादेपेक्षा वेळ महत्त्वाची. बोटुकली हातभर होण्याआधीच जाळ्यात आली, तर तोटा सोडणाऱ्याचाच.

दुसरी, आपोआप आलेली. मरळ, वाम, शिंगाडा, नदीतून येणाऱ्या लहानसहान जाती, झिंगे. यांना कोणी सोडलेले नाही. मरळ साचलेल्या पाण्यातच अंडी घालते आणि नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. त्या दिवसांत जोडी जाळ्यात गेली, तर पिलांचा थवाही वाचत नाही. या मासळीचे व्याज निसर्गाच्या हाती आहे आणि खरी मर्यादा हवी ती हिलाच.

आता व्यवस्था पाहा. राज्यात तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात. ठेक्याची रक्कम जलक्षेत्राच्या हेक्टरवर ठरते आणि किती मत्स्यबीज सोडायचे याचाही हिशेब जलक्षेत्रावरच असतो. म्हणजे कागदावर पाण्याचे क्षेत्र आहे, सोडलेल्या बिजाची संख्या आहे. जी मासळी कोणी सोडलेली नाही, तिला या कागदात रकानाच नाही. कृषीचा दर्जा पहिल्या प्रकाराला चपखल बसतो. दुसरा प्रकार शेत नसून रान आहे. रानातल्या वस्तूला पिकाचे नियम लावले की ती फुकटची वाटू लागते.

चिलापीसारखी बाहेरून आलेली आणि भराभर वाढणारी जात मात्र वेगळी धरावी लागेल. तिला मर्यादा घालण्याचे कारण नाही. उलट ती जितकी निघेल तितके स्थानिक जातींना मोकळे पाणी मिळेल.

पहिली पद्धत : पाण्यावरून अंदाज

साठा मोजता येत नसेल, तर निदान धरण किती मासळी पोसू शकते याचा ढोबळ अंदाज काढता येतो. कॅनडातील संशोधक रायडर यांनी १९६५ मध्ये त्यासाठी एक सोपे सूत्र मांडले. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण घ्यायचे आणि त्याला सरासरी खोलीने भागायचे. पाणी जितके पोषक आणि उथळ, तितकी मासळी जास्त. हे सूत्र मूळचे थंड प्रदेशातील तलावांसाठी आहे, पण त्यामागचा विचार इतरत्रही उपयोगी ठरला.

भारतासाठी आणखी एक आधार आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९५ मध्ये भारतीय जलाशयांतील मासेमारीवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातील लहान जलाशयांत, म्हणजे एक हजार हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र असलेल्यांत, वर्षाला हेक्टरी सरासरी ४९.९ किलो मासळी निघत होती. मध्यम जलाशयांत हाच आकडा १२.३ किलो आणि पाच हजार हेक्टरपेक्षा मोठ्या जलाशयांत ११.४ किलो होता.

समजा, एखादा जलाशय ८०० हेक्टरचा आहे. त्या सरासरीने तिथून वर्षाला सुमारे ४० टन मासळी निघायला हवी. प्रत्यक्षात ८० टन निघत असेल तर दोनच शक्यता. एकतर बीज भरपूर सोडले आहे, नाहीतर मुद्दल खर्ची पडते आहे. हा आकडा मर्यादा म्हणून वापरायचा नाही. तो मोटारसायकलच्या वेगकाट्यासारखा समोर ठेवायचा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळते.

दुसरी पद्धत : मोजपट्टी

केळी उत्पादकाला दोन चुका चांगल्या माहीत असतात. घड भरण्याआधी कापला, तर वजन कमी भरते. आणि पुढच्या बागेसाठी राखायचे पीलच तुडवले गेले, तर पुढची बागच उभी राहत नाही. मासेमारीतही नेमक्या याच दोन चुका होतात. मासा वाढण्याआधी धरणे ही पहिली. त्याने एकदाही अंडी घालण्याआधी त्याला धरणे ही दुसरी, आणि ती जास्त महागात पडते.

जर्मनीतील शास्त्रज्ञ रायनर फ्रोझे यांनी २००४ मध्ये सुचवले, की जास्तीची मासेमारी ओळखायला तीन साधे प्रश्न पुरतात. धरलेल्या माशांत वयात आलेले किती? वाढीच्या सर्वोत्तम टप्प्यातले किती? आणि जुन्या, मोठ्या माद्या किती उरल्या आहेत? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते. ही उत्तरे द्यायला ना वेगळी बोट लागते, ना प्रयोगशाळा. बाजारात आलेल्या शंभर माशांवर मोजपट्टी ठेवली, तरी चित्राची सुरुवात होते.

महाराष्ट्राने समुद्रासाठी हाच रस्ता धरला आहे. सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. सिल्व्हर पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा आणि सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा लहान धरू नये, असा तो नियम. त्याच वर्षी सिल्व्हर पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. किती टन पापलेट धरायचे हे कोणी ठरवले नाही. केवढे धरायचे नाही, एवढेच ठरवले. आकडे अपुरे असताना हा शहाणपणाचा मार्ग आहे.

मात्र त्यात एक मेख आहे. मासा लहान आहे हे कळते तेव्हा तो बहुधा मेलेला असतो. म्हणून आकाराच्या नियमाला जाळ्याच्या आसाची जोड लागते. बारीक आसाचे जाळे पाण्यात गेले, की नियम काठावरच राहतो. उजनीच्या फुगवट्यातही बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासळी उपसली जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत.

तिसरी पद्धत : फेरीमागे किती किलो?

एकूण पकड फसवी असते. दहा होड्यांच्या वीस होड्या झाल्या, तर मासळी निम्मी उरली तरी एकूण पकड तेवढीच दिसू शकते. खरा आकडा एका फेरीमागे, एका जाळ्यामागे किती किलो मिळाले हा. तो घसरला, तर साठाही घसरत असण्याची शक्यता दाट.

युरोपातील आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषदेने अपुऱ्या माहितीच्या जातींसाठी २०१२ पासून एक सुटसुटीत नियम वापरला. अलीकडच्या दोन वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीने भागायचे. जे उत्तर येईल त्या प्रमाणात पुढची मर्यादा वर किंवा खाली न्यायची. पण एका वेळी २० टक्क्यांहून जास्त बदल करायचा नाही. आणि साठ्याची अवस्थाच माहीत नसेल, तर खबरदारी म्हणून आणखी २० टक्के कपात करायची.

कल्पित उदाहरण घेऊ. एका संस्थेच्या वहीत पहिल्या तीन वर्षांत फेरीमागे १०, ९ आणि ११ किलो मिळाल्याची नोंद आहे. सरासरी १० किलो. पुढच्या दोन वर्षांत ७.५ आणि ६.५, सरासरी ७ किलो. म्हणजे ३० टक्के घट. नियमानुसार कपात २० टक्क्यांवर थांबते. आधीची मर्यादा २५ टन असेल, तर नवी २० टन. खबरदारीची कपात धरली, तर १६ टन. हे सगळे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. परिषदेने नंतर मासळीची लांबीही विचारात घेणारे सुधारित नियम आणले, पण मूळ कल्पना कायम आहे. आधी सावध आकडा ठरवायचा, मग दरवर्षी तो दुरुस्त करत राहायचे.

या पद्धतीत एक सापळा आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड मासळी कमी होत होती, पण उरलेली मासळी ठरावीक जागी गोळा होत असल्याने बोटी भरून येत राहिल्या. भरलेल्या बोटी पाहून साठा बरा आहे, असा समज झाला. जुलै १९९२ मध्ये सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली आणि तीस हजारांहून अधिक लोकांचे काम गेले. तिथे आकडे कमी नव्हते, त्यांचा अर्थ चुकला होता.

हतनूरला हा सापळा दरवर्षी एप्रिल-मेमध्ये लागतो. पाणी आटते, मासळी उरलेल्या डोहांत गोळा होते आणि जाळे जड येते. ते पाहून यंदा मासळी वाढली, असे म्हटले तर तो कॉडचाच किस्सा. म्हणून मेची तुलना मेशी आणि नोव्हेंबरची नोव्हेंबरशी करायला हवी. वहीत पाण्याची पातळीही टिपायला हवी. ती पाटबंधारे विभागाकडे रोजच्या रोज नोंदली जाते.

मर्यादा टनातच हवी का?

नाही. टनांची मर्यादा पाळायची, तर रोजची पकड रोज मोजावी लागते आणि ती भरली की मासेमारी थांबवावी लागते. हतनूरच्या असंख्य काठांवर हे सध्या तरी अशक्य. शिवाय जाळे जात पाहून मासा धरत नाही. मरळीची मर्यादा संपली म्हणून रोहूसाठी टाकलेल्या जाळ्यात मरळ शिरायची थांबत नाही.

म्हणून अपुऱ्या माहितीच्या ठिकाणी पकडीऐवजी मासेमारीवर बंधन घालतात. किती जाळी, कोणत्या आसाची, वर्षाचे किती दिवस, कोणत्या जागी नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती याच विचाराने. पर्ससीन जाळ्यांबाबत ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने हेच केले. अशा मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणण्याचे ठरले. तारली-बांगडा किती टन धरावा, हे न सांगताही दाब कमी करण्याचा तो प्रयत्न होता. त्याची अंमलबजावणी किती झाली यावर पारंपरिक आणि पर्ससीन मच्छिमारांमधील वाद अजून शमलेला नाही. नियम कागदावर येणे आणि पाण्यावर उतरणे यांत अंतर असते, हा त्यातला धडा.

स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यावरील बंदी तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून आहे. तिला कोणत्याही आकडेवारीची गरज नाही.

भार कोणावर?

आकडे कमी म्हणून सावध मर्यादा घातली, तर त्या सावधपणाची किंमत कोण देणार? हतनूरच्या काठी ती भोई समाजातील आणि इतर अशी कुटुंबे देणार, ज्यांचा रोजचा बाजार रोजच्या जाळ्यावर चालतो. गाळ त्यांनी आणलेला नाही, दरवाजे ते उघडत नाहीत, नदीत सांडपाणी ते सोडत नाहीत. मासळी घटण्यामागे ही कारणेही असताना सगळी कपात जाळ्यावर आली, तर ती अन्यायाची वाटणारच.

बंदीच्या काळासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत आर्थिक साह्याची तरतूद आहे. पात्र कुटुंबाला तीन महिन्यांसाठी ४,५०० रुपये. त्यातले १,५०० मच्छिमाराने स्वतःच आधी जमा केलेले असतात. नव्वद दिवसांनी भागले, तर दिवसाला ५० रुपये होतात. एवढ्यावर कोणी जाळे खुंटीला टांगेल, अशी अपेक्षा ठेवणे कठीण.

दुसरी अडचण भीतीची. मच्छिमाराने खरी पकड वहीत लिहिली आणि ती जास्त निघाली, तर उद्या ठेक्याची रक्कम वाढेल. कमी निघाली, तर मासेमारीवर बंदी येईल. दोन्हीकडून तोटाच दिसत असेल, तर वही कोरी राहणे स्वाभाविक आहे. म्हणून नोंदी मागण्याआधी एक लेखी हमी हवी. हा आकडा ठेक्याच्या दरासाठी वापरला जाणार नाही आणि मर्यादा खाली येईल तशी वरही जाईल, ही ती हमी.

हे जमते याची उदाहरणे देशात आहेत. केरळमधील अष्टमुडी सरोवरात नव्वदच्या दशकात शिंपल्यांची पकड कोसळली. त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळ्याच्या आसाची मर्यादा आणि किमान आकार असे साधे नियम मच्छिमारांना सोबत घेऊन लागू झाले. २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली. आपल्याच राज्यात, गोंदिया-भंडारा भागातील मालगुजारी तलावांत ढिवर समाजाच्या संस्थांनी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक माशांना परत जागा करून दिली. दोन्हीकडे नियम मच्छिमारांच्या सहभागातून उभे राहिले.

हतनूरसाठी सुरुवात कुठून?

वर सांगितलेल्या पद्धती एकत्र केल्या, तर चार पायऱ्यांचा रस्ता दिसतो.

१. एक वही, पाच रकाने : तारीख, जागा, किती जाळी, जातवार किलो आणि पाण्याची पातळी. प्रत्येक संस्थेच्या दोन-तीन होड्यांनी लिहिले तरी पुरे. सगळ्यांनी अर्धवट लिहिण्यापेक्षा थोड्यांनी नियमित लिहिणे जास्त उपयोगाचे.

२. महिन्याला शंभर मासे : बाजाराच्या दिवशी मरळ, वाम, शिंगाड्यासारख्या जातींची लांबी मोजायची. मादीच्या पोटात गाभोळी आहे का, याची खूण करायची. स्थानिक महाविद्यालयांचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे काम करू शकतात. दोन वर्षांत प्रत्येक जात किती लांबीला वयात येते, याचा स्थानिक अंदाज हाती येईल.

३. तोपर्यंत आकड्याविना नियम : जाळ्याची किमान आस, मरळीच्या राखणीच्या काळात उथळ काठांना विश्रांती, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नदीतून फुगवट्यात येणाऱ्या मुखाशी जाळे नाही.

४. दुरुस्तीचा नियम आधीच ठरवायचा : फेरीमागची पकड दोन वर्षे घसरली तर काय करायचे आणि वाढली तर काय, हे मच्छिमार संस्था आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी आकडे येण्याआधीच लिहून ठेवायचे. आकडे आल्यावर वाटाघाटी सुरू झाल्या, की ज्याचा आवाज मोठा त्याचाच आकडा खरा ठरतो.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य. पाच वर्षांच्या ठेक्यात पाच वर्षे वही भरली, तर ठेका संपताना संस्थेच्या हातात तलावाचा पहिला खरा हिशेब असेल. पुढचा ठेका कोणाला द्यायचा, याचा तोही एक निकष करता येईल.

थोडक्यात

• आकडे नाहीत म्हणून मर्यादा नको, हा युक्तिवाद १९९५ च्या आचारसंहितेलाच मान्य नाही. आकडे कमी असतील, तर मर्यादा अधिक सावध हवी.

• सोडलेल्या मासळीला पिकाचे गणित पुरते. आपोआप येणाऱ्या मासळीचा हिशेब कुठेच होत नाही आणि धोका तिलाच जास्त आहे.

• माशाची लांबी, जाळ्याची आस आणि फेरीमागचे किलो ही तीन मापे साठ्याच्या नेमक्या आकड्याविना काम देतात.

• उन्हाळ्यात जाळे भरून आले म्हणजे मासळी वाढली, असे नाही.

• मर्यादेची किंमत मच्छिमाराने एकट्याने द्यायची असेल, तर मर्यादा टिकणार नाही.

सावद्याच्या बाजारात मरळ कधीपासून महाग झाली, पूर्वी केवढी यायची आणि आता केवढी येते, हे विक्रेत्या बायकांना तोंडपाठ असते. शास्त्रज्ञ ज्याला माहितीचा अभाव म्हणतात, त्यातली बरीच माहिती अशी लोकांच्या तोंडी आहे, फक्त लिहिलेली नाही. मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला आहे. आता या शेतीचीही पीक पाहणी सुरू व्हायला हवी.